कझाकस्तानच्या वाटा आखताना

कझाकस्तानातील साहसी प्रवासाचा विचार करताना नकाशावरचे एक साधे मोजमाप सर्वांत आधी ध्यानात घ्यावे लागते. या देशातील सर्वांत मोठे शहर अल्माटी हे दिल्लीच्या जवळजवळ सरळ उत्तरेस, हवाई रेषेत सुमारे १,६०० किलोमीटरांवर आहे. त्याच देशाचे कॅस्पियन समुद्राकाठचे अक्ताऊ हे बंदर मात्र अल्माटीपासून २,००० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अल्माटीच्या रहिवाशाला स्वतःच्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यापेक्षा भारताची राजधानी जवळ पडते, हे एकदा नीट उमगले की ‘दोन आठवड्यांत कझाकस्तान पाहू’ हा बेत मुळातच का चुकीचा ठरतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सुमारे २७,२४,९०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा देश आकाराने जगात नववा आहे आणि महासागराला न भिडणाऱ्या, म्हणजे भूवेष्टित, देशांमध्ये सर्वांत मोठा आहे. महाराष्ट्राच्या सुमारे नऊ पट असलेल्या या भूमीवर साधारण दोन कोटी माणसे राहतात आणि त्यांतली बरीचशी मोजक्या शहरांत एकवटलेली आहेत. दर चौरस किलोमीटरला सरासरी सात माणसे, हा आकडा २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे असलेल्या महाराष्ट्राशेजारी ठेवून पाहिला, की सह्याद्रीत भटकणाऱ्याच्या अंगवळणी पडलेल्या किती गोष्टी तेथे गैरलागू होतात ते कळते. सह्याद्रीत वाट चुकली तरी काही तासांत एखादा पाडा, एखादा गुराखी, निदान घाटाखालच्या गावाचे दिवे तरी दिसतात, आणि गडावर पोचलेल्याला पाण्याचे टाके बहुधा सापडते. कझाक स्टेपमध्ये, म्हणजे झाडे जवळजवळ नसलेल्या त्या अफाट गवताळ मैदानात, किंवा पश्चिमेकडच्या वाळवंटी पठारावर, पुढची वस्ती शंभर किलोमीटरांवर असू शकते आणि मधल्या भागात गोड्या पाण्याचा थेंबही नसू शकतो. तेथील नियोजनात म्हणूनच काय पाहायचे यापेक्षा काय सोडायचे हे आधी ठरवावे लागते. ज्याला एक कोपरा निवडून बाकीचा देश सोडून देणे जमते, त्याचाच प्रवास सुखरूप आणि समाधानाचा होण्याची शक्यता असते.

निवडीसाठी पुढे असलेल्या प्रदेशांपैकी अल्माटीच्या आग्नेयेस पसरलेला तिआन शान पर्वताचा पट्टा सर्वांत सोयीचा आणि पहिल्या खेपेस सर्वांत योग्य आहे. शहराला लागूनच इली अलाताऊ ही रांग उभी आहे. तिचे सर्वोच्च शिखर तालगार ४,९७९ मीटर उंच आहे. शहराच्या पूर्वेस सुमारे २०० किलोमीटरांवर चारिन नदीने लालसर गाळाच्या खडकात कोरलेली, १५० किलोमीटरांहून लांब घळ आहे. तिच्यातला ‘किल्ल्यांची दरी’ म्हणून ओळखला जाणारा दोन-तीन किलोमीटरांचा तुकडाच बहुतेक प्रवासी पाहतात. त्याच दिशेने आणखी पुढे साती नावाच्या गावाजवळ कोलसायची तीन सरोवरे स्प्रूस वृक्षांच्या रानात एकावर एक अशी वसलेली आहेत, आणि शेजारच्या खोऱ्यात कायिंदी हे वेगळ्याच जन्मकथेचे सरोवर आहे. १९११ च्या जानेवारीत झालेल्या मोठ्या भूकंपात डोंगराचा कडा कोसळून या खोऱ्यातील ओढा अडला, पाणी साचत गेले आणि उभे स्प्रूस वृक्ष जागच्या जागी बुडाले. पाणी अतिशय थंड असल्यामुळे पाण्याखालच्या फांद्या अजून पुष्कळशा टिकून आहेत, आणि वरचे निष्पर्ण सोट डोलकाठ्यांसारखे पाण्याबाहेर उभे दिसतात. इली नदीच्या उत्तरेस अल्तिन-एमेल राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील सुमारे १५० मीटर उंचीची ‘गाणारी टेकडी’ कोरड्या हवेत वाळू घसरू लागली की विमानाच्या घरघरीसारखा खोल नाद देते. पावसाने वाळू भिजली असेल तर मात्र ती मुकी राहते.

पश्चिमेकडचा मांगिस्ताऊ प्रांत हे याच्या अगदी उलट टोक आहे. उस्त्युर्त पठाराच्या कडा, ज्यांना तेथे चिंक म्हणतात, पांढऱ्या चुनखडीच्या भिंतींसारख्या सरळ खाली उतरतात, आणि पायथ्याशी मिठागरासारखी खारी मैदाने पसरलेली असतात. हा सारा प्रदेश पूर्वी समुद्राचा तळ होता, त्यामुळे आजही त्या जमिनीत शार्क माशांचे अश्मीभूत दात सापडतात. अक्ताऊजवळची कारागिये ही खोलगट भूमी समुद्रसपाटीपासून १३२ मीटर खाली आहे, तर त्याच देशाच्या आग्नेय सीमेवरील खान तेंग्री शिखर ६,९९५ मीटर उंच आहे. एकाच देशातील प्रवासासाठी एकच सामान-यादी का चालत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. मांगिस्ताऊमध्ये पाण्याची टंचाई एवढी जुनी आणि खरी आहे, की अक्ताऊ शहर समुद्राचे पाणी गोडे करून पीत आले आहे. त्या कामासाठी सोव्हिएत काळात उभारलेली एक अणुभट्टी १९७३ ते १९९९ पर्यंत चालवली गेली. बोझिरा नावाची जी दरी छायाचित्रांमुळे आता जगभर ओळखीची झाली आहे, ती अक्ताऊपासून सुमारे ३०० किलोमीटरांवर आहे आणि शेवटचा टप्पा रस्त्याविना, मातीतल्या चाकोऱ्यांवरून पार करावा लागतो. पाऊस पडला की ही चिकणमाती साबणासारखी निसरडी होते आणि चारही चाकांना जोर असलेली गाडीसुद्धा जागची हलत नाही, म्हणून तेथील जाणते चालक एकट्या गाडीने सहसा निघत नाहीत.

उरलेल्या प्रदेशांपैकी ईशान्येकडील अल्ताई पर्वतात, कातोन-करागाय राष्ट्रीय उद्यानात, घनदाट रान, घोड्यावरून करायच्या लांब फेऱ्या आणि रशियाच्या सीमेवरील ४,५०६ मीटर उंचीचे बेलुखा शिखर आहे. दक्षिणेस १९२६ साली स्थापन झालेले अक्सू-झाबाग्ली हे मध्य आशियातील सर्वांत जुने अभयारण्य एप्रिल-मेमध्ये रानटी ट्युलिप फुलांनी भरून जाते. राजधानी आस्तानाच्या नैऋत्येस कोर्गालझिनच्या पाणथळ भागात उन्हाळ्यात रोहित पक्षी येतात. या तिन्ही जागा स्वतंत्र प्रवासाच्या योग्यतेच्या आहेत, आणि म्हणूनच त्या अल्माटीच्या बेताला शेपटासारख्या जोडू नयेत.

प्रदेश निवडला की लगेच सीमेचा प्रश्न येतो, आणि भारतीय प्रवाशाची सर्वांत मोठी फसगत येथेच होण्याचा संभव असतो. सोव्हिएत काळात अल्माटी, तेव्हाचे अल्मा-आता, येथून निघून डोंगर ओलांडून किर्गिझस्तानातील इस्सिक-कुल सरोवराला पोचण्याची पदयात्रा अतिशय लोकप्रिय होती, कारण दोन्ही बाजू एकाच देशात होत्या. १९९१ नंतर त्या माथ्यावरून आंतरराष्ट्रीय सीमा गेली आणि डोंगरातील खिंडींवर तपासणी नाके नसल्यामुळे ती ओलांडणे बेकायदा झाले. जुन्या पुस्तकांत आणि नकाशांत या वाटा आजही ठळक रेषांनी दाखवलेल्या असतात, त्यांवर पायवाटही स्पष्ट असते, आणि माथ्यावर कोणी अडवत नाही. अडचण येते ती पुढच्या देशातून बाहेर पडताना, जेव्हा पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्काच नसतो. याखेरीज चीन व किर्गिझस्तानच्या सीमेलगतचा बराच मुलूख ‘सीमाक्षेत्र’ म्हणून राखून ठेवलेला आहे. खान तेंग्रीच्या पायथ्याचा परिसर, झेतिसू अलाताऊचा पूर्व भाग, अल्ताईतील कित्येक खोरी या क्षेत्रात मोडतात. तेथे जाण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, तो स्थानिक पर्यटन संस्थेमार्फत मागावा लागतो आणि परदेशी नागरिकांच्या बाबतीत त्याला काही आठवडे लागतात.

२०२२ च्या जुलैपासून भारतीय पासपोर्टधारकांना एका वेळी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येते आणि १८० दिवसांत अशा मुक्कामांची एकूण मर्यादा ४२ दिवसांची आहे. ही सवलत मोलाची आहे, परंतु तिचा अर्थ असाही होतो की सीमाक्षेत्राचा परवाना तेथे पोचल्यावर काढू म्हणणाऱ्याचे सगळे १४ दिवस वाट पाहण्यातच जातील. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाकडून खात्री करून घेणे आवश्यक आहे; आणि परतीचे विमान चौदाव्या दिवसाचे न ठेवता बाराव्या दिवसाचे ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण डोंगरात अडकलेल्या माणसाला सीमेवरचा अधिकारी हवामानाची सबब मान्य करीलच असे नाही.

संरक्षित क्षेत्रांच्या प्रकारांतही भेद आहे आणि तो समजून घ्यायला हवा. राष्ट्रीय उद्यानात ठरावीक शुल्क भरून, नाक्यावर नोंद करून आखलेल्या वाटांनी हिंडता येते आणि नेमलेल्या जागी तंबू ठोकता येतो. वनरक्षकांच्या या नाक्याला रशियन भाषेतून आलेला कॉर्डोन हा शब्द रूढ आहे. कझाक भाषेत कोरिक आणि रशियनमध्ये झापोवेद्निक म्हणतात ते अभयारण्य मात्र निसर्गाला माणसापासून दूर ठेवण्यासाठीच राखलेले असते आणि तेथे प्रवेश अगदी मर्यादित असतो. तालगार शिखर अशाच एका अभयारण्याच्या हद्दीत आहे, त्यामुळे अल्माटीतून रोज दिसणाऱ्या त्या शिखराकडे मनाला येईल तेव्हा निघता येत नाही. शहराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या ‘मोठ्या अल्माटी सरोवरा’च्या काठावर उतरण्यासही मनाई आहे. तोच सावधपणा देशाच्या ईशान्येकडील सेमेय शहराजवळच्या जुन्या अणुचाचणी क्षेत्राबाबत बाळगायला हवा. १९४९ ते १९८९ या काळात तेथे ४५६ चाचण्या झाल्या आणि तेथील काही भाग अजूनही किरणोत्सर्गामुळे धोक्याचे आहेत. साहसाच्या नावाखाली परवानगीविना अशा ठिकाणी घुसण्यात कसलाही पुरुषार्थ नाही.

अल्माटीच्या डोंगरांचा खरा धोका बर्फापेक्षाही चिखलाचा आहे. उन्हाळ्यात हिमनद्यांच्या टोकाशी वितळलेल्या पाण्याची तळी साचतात. एखाद्या उष्ण दिवशी किंवा जोरदार पावसात त्यांचा बांध फुटला, की पाणी, माती आणि घराएवढे धोंडे यांचा लोंढा खोऱ्यातून खाली धावतो. या चिखललोंढ्याला तेथे सेल म्हणतात, आणि अल्माटीच्या इतिहासात त्याची भीती भूकंपाइतकीच खोल रुजलेली आहे. १९२१ च्या जुलैत अशा लोंढ्याने शहरात घुसून अनेकांचे बळी घेतले. १९६३ च्या जुलैत दुसऱ्या एका लोंढ्याने जवळचे इस्सिक सरोवर फोडून अक्षरशः रिकामे केले. त्यानंतर अल्माटीजवळच्या मेदेऊ येथे, डोंगराचे कडे सुरुंगांनी नेमके खोऱ्यात पाडून एक प्रचंड धरण उभारण्यात आले. पाणी साठवण्यासाठी नसलेल्या, केवळ चिखल अडवण्यासाठी बांधलेल्या त्या धरणाने १९७३ च्या जुलैत एवढा मोठा लोंढा थोपवला की ते जवळजवळ काठोकाठ भरले आणि शहर वाचले. तिन्ही घटना जुलैतल्या आहेत, ही गोष्ट प्रवाशाने वहीत लिहून ठेवावी. ओढ्याच्या पात्रालगतची सपाट, गवताळ जागा तंबूसाठी कितीही मोहक दिसली तरी ती सोडून उंचवट्यावर मुक्काम करावा. हिमनदीतून येणारा ओढा ओलांडायचा असेल तर पहाटे ओलांडावा, कारण रात्रीच्या थंडीने वितळणे मंदावलेले असते आणि दुपारनंतर तोच गुडघाभर ओढा कमरेला लागतो.

उंचीचाही विचार मराठी गिरिप्रेमींनी थोडा वेगळ्या अंगाने करायला हवा. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, तर अल्माटीचे लोक संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी शहरी बसने ज्या मेदेऊला जातात ते सुमारे १,६९१ मीटरांवर आहे. तेथून टप्प्याटप्प्याच्या रोपवेने शिम्बुलाक या स्की-केंद्रामार्गे ३,२०० मीटरांपर्यंत तासाभरात पोचता येते. मुंबईच्या समुद्रसपाटीवरून आदल्या रात्री निघालेल्या शरीराला ही चढण पेलेलच असे नाही. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही विरळ हवेच्या त्रासाची पहिली लक्षणे, आणि ती दिसली असता आणखी वर न जाता खाली उतरणे हाच त्यांवरचा विश्वसनीय उपाय आहे. पहिले दोन दिवस मेदेऊ आणि शिम्बुलाकच्या परिसरात चालून काढले, तर शरीर सरावते आणि वर १९५७ पासून शास्त्रज्ञांच्या मोजमापाखाली असलेली तुयुकसू हिमनदी किती मागे हटली आहे, हेही पाहता येते.

नियोजनाचे एक उत्तम साधन मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि ते म्हणजे नकाशावरची नावे. कझाक ही पशुपालकांची भाषा आहे. कळप घेऊन ऋतूंप्रमाणे हिंडणाऱ्या माणसांनी डोंगर, ओढे आणि विहिरी यांना नावे दिली ती पुढच्याला उपयोगी पडावीत म्हणून. ‘सू’ म्हणजे पाणी, ‘कोल’ म्हणजे सरोवर, ‘साय’ म्हणजे घळ, ‘ताऊ’ म्हणजे डोंगर, ‘असू’ म्हणजे खिंड. ‘अक’ म्हणजे पांढरा, ‘कारा’ म्हणजे काळा. एवढे शब्द पाठ केले तरी नकाशा बोलू लागतो. ‘अक्सू’ नावाचा ओढा दिसला तर तो हिमनदीतून येणारा, खडकाच्या बारीक पिठीने दुधासारखा पांढुरका झालेला आणि दुपारी फुगणारा असण्याचा संभव मोठा. ‘कारासू’ म्हणजे जमिनीतून झऱ्याने वर येणारे, तळ काळा दिसावा इतके स्वच्छ पाणी. ‘तुझ’ म्हणजे मीठ, ‘सोर’ म्हणजे खारी दलदल आणि ‘अश्ची’ म्हणजे कडवट, खारट. हे शब्द असलेल्या जागी पाण्याच्या भरवशावर मुक्काम ठरवू नये. तुझबायिर या मांगिस्ताऊतील प्रसिद्ध पांढऱ्या मैदानाच्या नावातच तो इशारा दिलेला आहे. कोलसाय म्हणजे सरोवरांची घळ, कायिंदी म्हणजे भूर्जवृक्षांची जागा, आणि अलाताऊ म्हणजे हिम, खडक व कुरणे यांनी चितारलेला ठिपकेदार डोंगर. खुद्द अल्माटीच्या नावात ‘अल्मा’, म्हणजे सफरचंद, आहे. जगभरच्या लागवडीतील सफरचंदाचा रानटी पूर्वज याच डोंगरउतारांवर वाढतो आणि १९२९ साली तेथे येऊन गेलेल्या निकोलाय वाविलोव या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने ते ओळखले होते.

या देशात पाट्यांवर आणि नकाशांवर आजही प्रामुख्याने सिरिलिक लिपी दिसते. देवनागरी वाचणाऱ्याला ती आठवडाभराच्या सरावाने अक्षरओळखीपुरती जमते आणि तेवढी जमवणे हिताचे आहे, कारण दुर्गम गावांत इंग्रजी जाणणारा माणूस मिळणे कठीण असते. सोव्हिएत लष्कराने तयार केलेले तपशीलवार नकाशे अजूनही गिर्यारोहक वापरतात, आणि त्यांच्यासोबत एक सोव्हिएत पद्धतही टिकून आहे : खिंडींची प्रतवारी. १अ, १ब, २अ, २ब, ३अ, ३ब अशा चढत्या क्रमाने प्रत्येक खिंडीची काठिण्यपातळी ठरवलेली असते. प्रतवारी नसलेली खिंड म्हणजे निव्वळ चालण्याची वाट. १अ मध्ये घसरडे दगड व थोडा बर्फ आणि १ब पासून पुढे हिमनदी, दोर, बर्फाच्या नाळा यांची तयारी गृहीत धरलेली असते. स्थानिक वाटाड्याशी बोलताना ‘खिंड अवघड आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘खिंड कोणत्या प्रतीची’ असे विचारले, तर उपयोगाचे उत्तर मिळते. सह्याद्रीतील चढाईचा दांडगा अनुभव असला, तरी ज्याने बर्फावर कधी पाय ठेवलेला नाही त्याने प्रतवारीविना असलेल्या खिंडींपुरतेच थांबावे.

ऋतूंच्या बाबतीत हा देश क्षमा करत नाही. समुद्रापासून दूर असल्यामुळे हवामान कमालीचे विषम आहे. आस्तानाच्या परिसरात हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत घसरतो आणि उन्हाळ्यात तोच ३५ अंशांवर जातो. हिवाळ्यात स्टेपवर उठणाऱ्या हिमवादळाला बुरान म्हणतात आणि त्या काळात महामार्गसुद्धा बंद केले जातात. तिआन शानच्या उंच वाटा जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मोकळ्या असतात, अल्ताईचा हंगाम त्याहून किंचित आखूड असतो, आणि मांगिस्ताऊला एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जावे, कारण जुलैत तेथे पारा ४० अंश ओलांडतो व सावली कोठेच नसते. वसंत ऋतूत आणि उन्हाळ्याच्या आरंभी अल्माटी आणि अल्ताईच्या रानगवतात गोचिडी असतात. त्यांच्या चाव्यातून मेंदूज्वर पसरू शकतो, म्हणून अंगभर कपडे, रोज संध्याकाळी अंग तपासणे आणि जमल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने आधीपासून लस, ही खबरदारी घ्यावी. घड्याळाचाही एक बारकावा आहे. १ मार्च २०२४ पासून संपूर्ण देशात एकच प्रमाणवेळ लागू आहे आणि ती भारतीय वेळेच्या अर्धा तास मागे आहे. परंतु पूर्व-पश्चिम टोकांमध्ये सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ पावणेतीन तासांचे अंतर पडते. त्यामुळे अल्ताईत सूर्य फार लवकर उगवतो आणि लवकर मावळतो, तर मांगिस्ताऊत उशिरा. दिवसाची चाल आखताना हा फरक धरावा लागतो.

शिधासामग्रीत तीन गोष्टींची आठवण ठेवायला हवी. स्वयंपाकासाठी लागणारे गॅसचे डबे विमानातून नेता येत नाहीत, ते अल्माटीतील दुकानांतूनच घ्यावे लागतात, आणि पुढच्या गावी ते मिळतील असे गृहीत धरू नये. शाकाहारी माणसाने आपला शिधा सोबत नेणे बरे, कारण बेशबर्माक हा तेथील मानाचा पदार्थ म्हणजे रुंद शेवयांवर वाढलेले घोड्याचे किंवा मेंढीचे मांस, आणि पाहुण्याला तेच आग्रहाने वाढले जाते. तरीही उपासमार होत नाही : अल्माटीच्या पूर्वेकडील रस्त्यावर उइघुर लोकांच्या भट्ट्यांमधून तंदिर नान मिळते, ज्याचे नाव आणि चव दोन्ही भारतीयाला ओळखीची वाटतात; दुधाचा चहा सर्वत्र असतो, बावुर्साक नावाचे पिठाचे तळलेले गोळे असतात, आणि दही सुकवून केलेल्या कुर्त नावाच्या खारट गोळ्या वाटेवर चघळायला उत्तम असतात. तिसरी गोष्ट संपर्काची. शहर सोडले की मोबाइलचे जाळे लवकरच संपते, म्हणून अनेक गिर्यारोहक उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे बाळगतात. परंतु भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना उपग्रह-फोन किंवा इरिडियम व थुराया जाळ्यांवर चालणारी उपकरणे बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्यापायी विमानतळांवर प्रवाशांना अटक झालेली आहे. असे उपकरण तेथील संस्थेकडून भाड्याने घेऊन तेथेच परत करणे हा मार्ग निर्धोक आहे.

उन्हाळी कुरणांवर, ज्यांना झायलाऊ म्हणतात, मेंढपाळांची किइझ उय, म्हणजे नमद्याची गोल घरे, अजूनही उभी राहतात. त्या घराच्या माथ्यावरचे लाकडी वर्तुळ, शानिराक, देशाच्या राजमुद्रेवर आहे. तेथे कोणी चहाला बोलावले तर उंबऱ्यावर पाय न देता आत जावे आणि चहा, निदान घोटभर, घ्यावा. कळपाजवळून जाताना मात्र लांबून वळसा घालावा, कारण राखणीचे कुत्रे माणसाची परीक्षा जवळ आल्यावर घेतात. गाडीच्या चाकोऱ्या सोडून नवी वाट पाडू नये. कमी पावसाच्या त्या जमिनीवर चाकाचा एक ओरखडा भरून यायला वर्षानुवर्षे लागतात आणि आज मांगिस्ताऊच्या पांढऱ्या मैदानांवर अशा ओरखड्यांचे जाळे वाढत चालले आहे, ही दुःखाची गोष्ट आहे.

हे सारे लक्षात घेता, बारा दिवस हाती असलेल्या आणि प्रथमच जाणाऱ्या गटाने सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडावा, पहिले तीन दिवस अल्माटी आणि मेदेऊच्या वरच्या डोंगरांना द्यावेत, नंतर चारिनमार्गे साती गावी जाऊन तेथे चार रात्री राहावे, कोलसायच्या खालच्या सरोवरापासून मधल्या सरोवरापर्यंतची सुमारे आठ किलोमीटरांची चढण आणि कायिंदीची फेरी करावी, परतताना दोन दिवस अल्तिन-एमेलसाठी ठेवावेत, आणि उरलेले दिवस पावसासाठी, आजारपणासाठी किंवा एखाद्या मेंढपाळाच्या घरी लांबलेल्या चहासाठी रिकामे सोडावेत. मुक्कामांची यादी आणि परतीची तारीख लिहून ती साती गावातील यजमानाकडे व घरी अशा दोन्ही ठिकाणी ठेवावी. कझाकस्तानात संकटकाळी लावायचा क्रमांक ११२ आहे, पण जेथे मोबाइलचे जाळे पोचत नाही तेथे शोधपथक निघते ते कोणीतरी वाट पाहत असल्यामुळेच.